आक्काला वाचून दाखवायची पत्रं

लाइपझिग, ५ जून २०२५

प्रिय विजू,

हातात फोन असताना पत्र कशाला, हा तुझा पहिला प्रश्न असणार. एका खोलीत आम्ही तिघं आहोत, हे, सून सोनिया आणि मी. भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारचा माणूस दात घासतो तेही कळतं. फोनवर खरं बोलायचं तर जिन्यात जाऊन बसावं लागतं. म्हणून पाचगणीच्या बोर्डिंगसारखं करते. वहीचा कागद फाडून लिहिते, त्याचा फोटो काढून तुला पाठवते. तूही तसंच कर.

काल आर्जवला बघितलं. डोकं भादरलंय गं त्याचं. ते दाट केस लहानपणी विंचरताना कंगव्याचे दात मोडायचे. उजवी बाजू सुजलीय. छाती वरखाली होत होती म्हणून मी हरखले, तर सोनिया हळूच म्हणाली, "आई, ते मशीन आहे." सायकलवरून कामाला निघाला होता, वळणावर ट्रकवाल्याला दिसलाच नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा.

आर्जव-सोनियाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं हे छोटं हॉटेल घेतलं. खाली बेकरी, समोर ट्राम. मालकीणबाई, क्राउझबाई, आपल्याच वयाच्या. गल्लीतले म्हातारे गुरुवारी संध्याकाळी खालच्या खोलीत पत्ते खेळायला येतात. सकाळी टेबलावर उकडलेली अंडी असतात, त्यांना लोकरीच्या टोप्या घातलेल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं शोभेच्या बाहुल्या आहेत, कौतुकाने एक टोपी उचलली. खाली अंडं, आणि आम्ही जैन! ह्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

आता तुझं काम. आक्कांना आम्ही पाय मोडला एवढंच सांगितलंय. सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूला नातवाचं खरं कसं सांगू? सोबत वेगळं पत्र पाठवते. ते तू कागदावर उतरवून घे आणि सांगलीला विश्रामबागेत जाऊन त्यांना वाचून दाखव. फोनवरच्या पत्रावर त्यांचा विश्वास नाही, कागद हाताला लागला पाहिजे. त्यात लिहिलंय की आर्जवच्या पायाला प्लास्टर आहे, हॉटेलच्या गॅलरीत खुर्ची टाकून तो ट्राम मोजतो, आणि आक्काच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण काढतो.

बोर्डिंगात सिस्टर अगाथा आपली पत्रं वाचूनच पोस्टात टाकायच्या. रडकी ओळ दिसली की लाल पेन्सिल. तेव्हा शिकलेलं आज कामाला आलं.

तुझी
शालू


कऱ्हाड, ९ जून

प्रिय शालू,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला स्वयंपाक सुचला नाही. आमचे मेजरसाहेब म्हणाले, "दोघींकडे फोन हाय, बोला की सरळ!" पत्राचा फोटो दाखवला, तर सकाळी न सांगता गाडी बाहेर काढून उभे. "चला, सांगलीला सोडतो." फौजेत राहून माणूस इतकंच शिकतो, पण वेळेवर शिकतो.

आक्का बाल्कनीत बसल्या होत्या. सांभाळायला ठेवलेली पूजा टीव्ही बघत होती. मला बघून म्हणाल्या, "ये गं इजा. कराडची साखर आणलीस का नुसतंच त्वांड?" मी पत्र वाचलं. ट्राम मोजतो हे ऐकून हसल्या. मग म्हणाल्या, "पाय मोडलाय, जीभ न्हवं. मला फोन का करीत न्हाई?" मी ठोकून दिलं की हॉस्पिटलात फोन चालत नाही. "मग हाटिलाच्या गॅलरीत?" शालू, पुढच्या पत्रात गॅलरी जरा जपून घाल.

कागद मागून घेतला आणि उशीखाली ठेवला. वाचता येत नाही, तरी घडी उलगडून एकदा बघितलाच. चटणी कुटायला पूजाला दाणे भाजायला लावले.

आर्जव बारावीला असताना आमच्याकडे राहिला होता, आठवतं? रोज सकाळी संगमावर पोहायला जायचा आणि येताना माझ्यासाठी ओलं कणीस आणायचा. मी रोज रागवायचे आणि रोज खायचे. तो उठणार. मी म्हणते ना.

तू जेवतेस ना? भाऊजी कसे आहेत?

तुझी
विजू


लाइपझिग, १४ जून

प्रिय विजू,

आज डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो बघूनच मला कळलं. आर्जव मशीनशिवाय श्वास घेणार नाही, डोळे उघडणार नाही, कुणाला ओळखणार नाही. मेंदूचं जे गेलंय ते परत येत नाही. त्याला असं किती दिवस ठेवायचं, हे बायको म्हणून सोनियाने ठरवायचं. नळ्या काढल्या तर त्रास होऊ देणार नाही, म्हणाले. सोनिया एकेक वाक्य आम्हाला मराठीत सांगत होती. स्वतःच्या नवऱ्याबद्दल. एकतीस वर्षांची पोर. आवाज कुठेच फाटला नाही, शेवटी एकदा फक्त पाणी मागितलं.

हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे उघडणार तो. विषय संपला." आणि दार ढकलून निघून गेले.

मला ह्यांची काळजी वाटते. वाळले आहेत. खालच्या खोलीत आमच्याबरोबर बसतात, पाव घेतात आणि रुमालात गुंडाळून खिशात घालतात. म्हणतात, दवाखान्यात खातो. परवा खिडकीतून बघितलं, तर बागेतल्या बाकावर बसून पाव कबुतरांना टाकत होते. इथलं अन्न सोसत नसेल. मी क्राउझबाईंच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी केली. बाईंनी कांदा-लसणाची पळीसुद्धा लांब ठेवली, मी खुणांनी सांगितलेलं त्यांना सगळं कळतं. पण ह्यांनी चमच्याने खिचडी नुसती इकडची तिकडे केली. "पोट जड आहे." बाई म्हणाल्या, तुमचे मिस्टर फक्त गरम पाणी मागतात, किटली चांगली खदखदेपर्यंत उकळायला लावतात, निवेपर्यंत समोर बसतात.

संध्याकाळी इथे साडेनऊपर्यंत ऊन असतं. दिवस मावळायच्या आत जेवणारे आम्ही, इथे जेवायला इतका मोठा दिवस, आणि कुणाला घास जात नाही.

आक्कांचं पत्र सोबत. गॅलरी काढून टाकलीय. आर्जव कुबड्या घेऊन चार पावलं चालला, असं लिहिलंय.

शालू


कऱ्हाड, १५ जून

शालू,

तुझं पत्र आत्ता वाचलं, लगेच लिहिते.

उकळलेलं पाणी? शालू, तू जैनांची लेक आणि जैनांची सून, आणि मी तुला सांगायचं? आपण सातवीत होतो. पर्युषणात मी तुमच्याकडे राहिले होते. तुझ्या काकांचा आठ दिवसांचा उपवास होता. त्यांच्यासाठी वेगळा तांब्या, पाणी उकळून निववलेलं, तेही दिवसाउजेडीच. मी त्यातलं चुकून प्यायले म्हणून तुझी आजी मला किती बोलली होती!

भाऊजींना विचार. पोट जड नाही त्यांचं. त्यांनी काहीतरी धरलंय.

विजू


लाइपझिग, १८ जून

प्रिय विजू,

तू बरोबर होतीस. इतक्या वर्षांच्या संसारात मला दिसलं नाही आणि तुला कऱ्हाडात बसून दिसलं. मी आर्जवकडेच बघत होते गं.

काल सोनिया दवाखान्यात होती. मी दार लावलं आणि विचारलं. आधी टाळलं, मग कपाटातून भगवंताचा फोटो काढला. आमच्या देवघरातला, गुपचूप बॅगेत टाकून आणलेला. म्हणाले, "आलो त्याच रात्री ह्याच्यासमोर नेम घेतला. आर्जव डोळे उघडेपर्यंत अन्न घेणार नाही."

मी म्हणाले, "आणि नाही उघडले तर?"

"असं बोलू नको."

"मुदत किती घेतलीत? आठ दिवस? पंधरा? आपल्यात बिनमुदतीचा नेम कुणी घेतं का?"

"मुलाच्या जिवाला मुदत घालू?" म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

तुला यातलं वर्म समजावून सांगते. आमच्यात नेम मोडत नाहीत. गावातल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नापर्यंत गूळ सोडला, मुलगी आधीच वारली, तर बाईंनी जन्मभर गूळ खाल्ला नाही, आणि लोकांनी त्यांचे पाय धरले. आर्जव डोळे उघडणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे ह्यांचा नेम सुटायला दारच नाही. कालपासून जिना चढताना कठडा धरतात. क्राउझबाईंनी खालच्या मजल्यावरची खोली दिली, काही न बोलता आमचं सामान स्वतः उचललं.

रात्री सोनियाला सांगितलं. ती कॉटवर बसली. मग म्हणाली, "आई, आर्जव एकदा मला म्हणाला होता, मला असं मशीनवर ठेवू नकोस. मला त्याचं ऐकायचंय. पण मी सही केली तर बाबांचा नेम कायमचा राहील. एका सहीत मी दोघांना कशी घालवू?"

मी एका मुलाची आई म्हणून म्हणते, त्याला सोडा. आणि बायको म्हणून म्हणते, अजून दोन दिवस ठेवा. माझ्याच पोटात दोन बायका भांडताहेत.

आज आक्कांसाठी पत्र नाही. जमलं नाही.

शालू


कऱ्हाड, २२ जून

प्रिय शालू,

आक्कांच्या फोनच्या तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगते.

तुझं पत्र आलं तशी मी आधी सांगलीला तुमच्या देवळात, बस्तीत गेले. म्हातारे उपाध्ये पूजा आटोपून बसले होते. नाव न घेता विचारलं. म्हणाले, "बाई, नेमाला मुदत असते, आणि मोठा उपवास धरायचा तर घरच्या वडीलधाऱ्याची संमती लागते. कोण आहे वडीलधारं?" मी म्हणाले, "आई आहे." म्हणाले, "मग माझ्याकडे कशाला आलात?"

तुला न विचारता ठरवलं, मला माफ कर. आक्कांच्या समोर बसले. कशी सुरुवात करावी कळेना, तर त्याच म्हणाल्या, "आज कागद न्हाई आणलास?"

"नाही आक्का."

"मग आता खरं बोल. पाय मोडल्याला पोरगा आज्जीला तीन आठवडं इसरत न्हाई. पयल्या कागदालाच मला कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या लांबनं येऊन वाचत हुतीस. ग्वाड वाटत हुतं ऐकाया."

सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या, पुसून झाला तरी पुसत राहिल्या. आणि म्हणाल्या, "लाव फोन म्हावीरला."

माझ्या कानांनी ऐकलं ते असं. "म्हावीर, कुणाला इचारून नेम धरलास रं? तुझी आई मेली का?" मग भाऊजी काहीतरी बोलले. "व्हय, मोडायचा न्हाई. माझ्या घरात कुणी नेम मोडला न्हाई. दे तो मला. मी मोठी हाय, माझ्याकडं दे. आजपासनं त्यो माझा. तू मोकळा. शालनला म्हणावं मुगाचं पाणी आण. मी ऐकतीया, पी." आणि फोन कानाला लावून बसून राहिल्या. पलीकडून घोट गिळल्याचा आवाज आला असावा, कारण डोळे मिटून त्यांनी णमोकार म्हटला.

काय डोकं आहे म्हातारीचं! मोडला म्हणायला नको आणि लेकरू जेवलं पाहिजे, कशी वाट काढली. बाहेर येऊन मी मेजरसाहेबांना सांगितलं, तर हे म्हणाले, "असली बाई ब्रिगेडला पाहिजे हुती."

आता सोनियाला जे करायचं ते करू दे. आर्जवला मोकळं करा गं.

तुझी
विजू


लाइपझिग, २७ जून

प्रिय विजू,

आर्जव गेला. परवा दुपारी.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर हे हुंदके देऊन रडले. मुगाचं पाणी, मग ताक, दोन दिवसांनी मऊ भात. क्राउझबाई रोज चमचा धुऊन स्वतः आणून द्यायच्या. चालण्याइतकं बळ आलं तसे हे सोनियाजवळ गेले आणि म्हणाले, "बाळ, त्याने तुला काय सांगितलं होतं तसंच कर." तिने सही केली तेव्हा ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

नळ्या काढल्यावर त्याचा चेहरा त्याचा झाला. इतके दिवस तो दवाखान्याचा होता. मी कानात णमोकार म्हटला. हे पाय दाबत होते. लहानपणी पोहून आल्यावर त्याच्या पोटऱ्या दुखायच्या, तसे. सोनिया त्याच्या शेजारी पलंगावर आडवी झाली, नर्सने पडदा ओढला. फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल. खिडकीतून ट्राम गेली, एवढंच.

काल गुरुवार होता. पत्तेवाले म्हातारे आले, पण पत्ते काढले नाहीत. क्राउझबाईंनी त्यांना सांगितलं असावं. आम्ही खाली आलो तसे सगळे उभे राहिले. एकाने खुर्ची मागे ओढून ह्यांना बसवलं. भाषा नाही, ओळख नाही. सांगलीत माणसांनी घर भरलं असतं, इथे सहा म्हातारे होते, पण उभे राहिले गं.

अस्थी घेऊन आम्ही तिघं येत आहोत. आक्कांना तूच जाऊन सांग, फोनवर माझ्याच्याने होणार नाही. आणि त्यांना म्हण, तुमच्यामुळे तुमचा मुलगा परत येतोय.

त्या कशा आहेत?

शालू


कऱ्हाड, ३० जून

प्रिय शालू,

काल सांगलीला जाऊन आक्कांना सांगितलं. शांत आहेत. हवा छान आहे, पाऊस बेताचा आहे. पूजा नीट सांभाळते. बाल्कनीतल्या मोगऱ्याला फुलं आली आहेत. काळजी करू नका, प्रवास जपून करा. सोनियाला माझा आशीर्वाद.

तुझी
विजू


सांगली, १२ जुलै

प्रिय विजू,

तुझ्या शेवटच्या पत्रात हवा छान होती तेव्हाच मला शंका आली. सिस्टर अगाथांच्या लाल पेन्सिलीला भिऊन लिहिलेलं पत्र मी ओळखणार नाही? पण मी विमानतळावर बसले होते, हे शेजारी होते. मी वाचून फोन पर्समध्ये टाकला. तू लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही.

घरात पाय ठेवला तर आक्का पलंगावर, आणि उशाशी वेगळा तांब्या. पूजा रडत म्हणाली, फोन केला त्या दिवसापासून उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. मला वाटतं तुलाही तो तांब्या तिथे गेल्यावरच दिसला असेल. वाट काढली म्हणून तू कौतुक केलंस, मीही केलं. वाट नव्हती ती. त्या खरंच बोलत होत्या. नेम मोडायचा नाही, आणि लेकाने मरायचं नाही. मग तो कुणीतरी घ्यायलाच हवा होता, तो त्यांनी घेतला.

हे त्यांच्या पायांवर पडले. "आई, मला परत दे." त्या म्हणाल्या, "दिल्यालं कोण परत मागतं का रं? आर्जवनं डोळं उघडलं का? न्हाई न्हवं? मग." आणि ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझं वय हाय बाबा ह्याचं. तुझं न्हवतं."

हे रोज त्यांच्यासमोर बसून जेवतात. त्यांचा हुकूम आहे, "माझ्या म्होरं जेव, मला दिसू दे." घास फिरतो, डोळ्यांतून पाणी गळतं, तरी गिळतात. सोनिया त्यांच्या पायाला तेल लावत बसते. आक्का तिला म्हणाल्या, "तू सही केलीस ते चांगलं केलंस. मनाला लावून घिऊ नकोस." तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

डॉक्टर घरी येऊन गेले, सलाईन लावू म्हणाले. आक्कांनी हात जोडून नको म्हटलं. चातुर्मासासाठी महाराज आले आहेत, तेही परवा येऊन गेले. वय बघितलं, दोन प्रश्न विचारले, आणि सल्लेखनेला संमती दिली. आता अन्न सोडून समाधानाने जाणाऱ्या बाई म्हणून आक्कांच्या दर्शनाला रांग लागते. नांदणीपासून, आष्ट्यापासून माणसं येतात, पाया पडतात, "केवढी पुण्याई!" म्हणतात. कोणी पेढे आणतात. मी दारात उभी राहून सगळ्यांना नमस्कार करते, चप्पल इकडे काढा म्हणते. काय झालंय ते आम्हा तिघांना, तुला आणि आक्कांना माहीत. जर्मनीतल्या एका हॉटेलच्या खोलीत, माझ्यापासून चार हातांवर, एका बापाने मुदत न घालता नेम घेतला. मी पलीकडच्या कुशीवर झोपले होते. एवढंच आहे ते. पण लोकांना कसं सांगू? आणि सांगितलं तर आक्कांचं काय उरेल?

मी तुझ्यावर रागावले नाही. तू आक्कांना खरं सांगितलं नसतंस तर आज ह्यांच्या उशाशी तांब्या असता. मी रात्रंदिवस हा हिशोब उलटासुलटा करते, आणि दर वेळी कुणीतरी एक कमीच पडतं.

आता आवाज बसलाय त्यांचा. काल दुपारी रांग संपल्यावर मला जवळ बोलावलं. मला वाटलं, भक्तामर स्तोत्र म्हणायला सांगतील. उशीखाली हात घालून ते कागद बाहेर काढले, तू उतरवलेले दोन्ही. घडीवर तेलाचे डाग पडलेत. मी वाचायला घेतलं, तर मान हलवली. "तुझं न्हाई. इजाला बोलव. ती वाचती तसं."

मी म्हणाले, "आक्का, त्यात खरं काही नाही हो."

तर म्हणाल्या, "ठावं हाय. पर त्यात त्यो चालतुया."

विजू, मेजरसाहेबांना म्हणावं गाडी काढा. लवकर ये. सावकाश वाच, पहिल्यांदा वाचतेस असं वाच. चटणीचं आलं की थोडं थांब, तिथे त्यांना हसायचं असतं. आणि कुबड्यांचं पत्र शेवटी ठेव.

शालू